इमानाचं रान

मु. माळेवाडी, पो. रेणापूर,
ता. लातूर, जि. लातूर
तारीख ३ मे १९८३

चिरंजीव साहेबरावास आईचा जयभीम.

वर जिल्हा लातूर लिवलाय तो नीट बघून ठेव. पोस्टमन सांगून गेला, आता उस्मानाबाद लिवायचं न्हाई, लिवलं की पत्र तिकडं फिरून येतं. जिल्हा नवा झाला. विहिरी जुन्याच हाईत, कोरड्या.

तू, सूनबाई आन् लेकरं बरी असाल. मी बरी हाय. गुडघा दुखतो, तर दुखू दे, त्याला काय दुसरं काम न्हाई. शेळी व्याली, दोन बोकडं झाली. टँकर एक दिवसाआड येतो. बायका खडी फोडायला जातात, मीबी जाते. मुकादम म्हणतो आजी तू सावलीत बस. म्हणले, सावली कुठं हाय ती दाव, बसते.

हे पत्र मी माझ्या हातानं लिवून राहिले. येरवी शेषेराव गुरुजी लिवून देतात. पण ते लिवायला बसले की मी न बोललेलं घुसडतात, 'आपल्या आठवणीने कंठ दाटतो' असलं. माझा कंठ कधी दाटत न्हाई. आन् ह्या पत्रात गुरुजींचंच नाव येणार हाय. म्हणून प्रौढ वर्गात शिकले तेवढ्यावर भागवते. चुका काढत बसू नको.

खबर अशी की आपल्या इमानाच्या रानात पाझर तलाव मंजूर झालाय. रान बुडणार. मी एका शब्दात हाव म्हणले. त्या मुरमाड माळात तूर बी धड येत न्हाई. आन् पाण्याला नको म्हणायला मी काय येडी हाय? पण दस्तखत अजून केली न्हाई. सातबाऱ्यावर तुझं आन् माझं दोघांचं नाव हाय, दोघांची लागती. माझी कामून अडली ते सांगते.

ओव्हरसियर म्हणून एक नवा पोरगा आलाय लातूरहून. त्यानं गावात इचारलं, ह्या रानाला काय म्हणतात? लोक म्हणले, इमानाचं रान. त्याला वाटलं अडाणी लोक हाईत, इनामाला इमान म्हणून राहिले. गेला आन् पेंटरकडून पाटी रंगवून आणली, 'इनामाचा पाझर तलाव'. रानात रोवलीबी.

मी म्हणले, बाबा, इनाम कुणी दिलं?

तो म्हणला, पाटलानं दिलं असंल आजी, कवातरी.

म्हणले, पाटलानं आमाला फुकट एकच चीज दिली, हाक. पहाटं हाक आली की उठायचं, सांगावा घेऊन पळायचं, मेलेलं ढोर ओढायचं. बाकी काय त्यानं दिलं न्हाई.

मग गुरुजी मधी पडले. म्हणले शुद्ध शब्द विमान आहे, तोच लिहू. मी म्हणले, गावाच्या तोंडात चाळीस साल इमान हाय. इमानच लिवा.

ह्याच्यावर अजून एक झालं. त्या इमानातल्या पोरांच्या कुण्या नातलगानं विलायतेहून नव्या जिल्ह्याच्या हापिसात चौकशी केली, आमचा माणूस कुठं पडला म्हणून. झालं, ईश्वरप्पा सरपंचाच्या अंगात आलं. विलायतेचे पाव्हणे येणार, तलावावर दगड बसवू, लातूरचे पुढारी बोलावू. व्यंकटी वडाराला दगड घडवायला बसवलं. दगडावर काय, तर 'वीर वैमानिकांनी रणांगणी देह ठेवला'. म्या इचारलं, कुठलं रण? तिथं जवारी व्हती. शिकाऊ पोरं व्हती ती, शिकताना मेली. मेलेल्यांवर कामून खोटं लिवता?

आन् म्हणले, त्या दगडावर माझ्या माणसाचं नाव पाहिजे. तवाच दस्तखत.

ईश्वरप्पा हसला. "धुरपतामाय, दगडावर कुणाचंबी नाव कोरता येतंय. पण लोक काय म्हणतील? चोराचं नाव कोरलं म्हणतील."

त्या दिवसापासून गाव मला म्हणून राहिलं, म्हातारी पाणी अडवून बसली. टँकरपाशी माझी घागर रांगेतून मागं सारतात. मी परत पुढं ठेवते. ते परत मागं सारतात. पारूबाई माहीत हाय ना, शेजारची, तिनं तर तोंडावर इचारलं, "पाण्याच्या जागी मेलेल्या माणसाचं नाव पाजणार हायस का आमाला?" मी म्हणले, पाजणार हाय, थांब.

बाकी काय. उन्हाळा लई हाय. तुझ्या लहानपणीचं कडूलिंब वाळलं नव्हतं बहात्तरच्या दुष्काळात, ते औंदा वाळलं.

आता जे टाळून राहिले ते लिवते.

गुरुजी मागं नांदेडला गेले तवा तुझ्या हापिसात आले व्हते. तू चहा पाजलास, चांगलं केलंस. त्यांनी इचारलं की वडलांचं नाव दगडावर घालायचं का. तू काय म्हणलास ते त्यांनी मला सांगायला नको व्हतं, पण त्यांच्या पोटात काय ऱ्हात न्हाई. तू म्हणलास, "रान देऊन टाका. नाव नको. जुनं उकरू नका."

उकरू नका म्हणतोस आन् तिथं तर तलावच खोदून राहिले, साहेबराव.

तुला एकदा सांगितलं व्हतं. तू शाळेतून सदरा फाडून आला व्हतास, पोरं 'इमानचोराचा' म्हणली म्हणून. मी सांगायला बसले तर तू म्हणलास, आई, तू त्याची बायको हायस, तू दुसरं काय सांगणार. मी उठले आन् सदरा शिवायला घेतला. पुन्हा कवा बोलले न्हाई. आज परत सांगते, बायको म्हणूनच सांगते. बायकोनं डोळ्यानं बघितलेलं काय कमी असतंय?

रझाकाराच्या आधीचं हाय. इंग्रज-जपानची लढाई चालू व्हती. दोन पंख्यांची इमानं रोज यायची. बाँब टाकायची इमानं, पण टाकायला शिकायला यायची. माळावर चुन्याचा गोल आखला व्हता, त्यात धुराच्या नळ्या टाकायचे. बहुतेक गोलाच्या बाहेरच पडायच्या. तुझा बाप म्हणायचा, ही पोरं लढाईवर गेली तर जपान्याला काय भ्या न्हाई.

हुरड्याचे दिवस व्हते. तू पोटात. आम्ही दोघं रानात व्हतो. एक इमान लई खाली आलं, आन् बघते तर त्याचा एका अंगाचा पंखा थांबलेला. दुसरा गरगर फिरून राहिला. जोडीतला एक बैल बसला की गाडी कशी त्याच अंगाला ओढती, तसं ते कललं. आतल्या पोरानं लई ओढून धरलं असंल. पण माळाला घासलं आन् आपल्या रानात येऊन पडलं.

समदं गाव पळालं. पण गावाकडं. तुझा बाप इमानाकडं पळाला. त्याला कुणी हाक मारली नव्हती, पाटलानं न्हाई आन् पाटलाच्या माणसानं न्हाई. जन्मात एकदा तो बिनहाकेचा पळाला.

एकाला त्यानं बाहेर ओढलं. मिसरूड फुटलेलं नव्हतं त्याला. केस मक्याच्या कणसाच्या केसावाणी. अंगाला पट्टे आवळले व्हते ते विळ्यानं कापले, तर पाठीच्या पिशवीतून पांढरं कापड सांडलं, इतकं की संपंना. त्याच कापडात गुंडाळून माझ्यापुढं आणून ठेवलं. म्हणला, पाणी पाज. मी आपल्या डेऱ्यातला तांब्या भरून त्याच्या तोंडाला लावला. ते पोरगं गटागटा प्यालं. कुणाचं पाणी, कुणाचा हात, त्यानं इचारलं न्हाई. तवा गावात आपल्या हातचं कोण पीत व्हतं?

तुझा बाप परत वळला. म्या म्हणले, आता कामून? त्यो म्हणला, "आत अजून एकजण हाक मारून राहिला."

बस, एवढंच बोलला. आतला पोरगा काय बोलून राहिला हे त्याला कुठलं कळायला, भाषा आपली नव्हं. पण हाक कळती. तो आत शिरला आन् टाकी फुटली.

पलटणीची मोटार आली ती मेलेले आन् तो जित्ता, समदे घेऊन गेली. जित्ता जगला का न्हाई मला ठाऊक न्हाई. त्याचं नावबी कळलं न्हाई, समदे साहेब साहेब करत व्हते. तू जन्मलास तवा मी साहेबराव नाव ठेवलं. लोक म्हणले, बाईला लेकाला साहेब करायचाय. म्या म्हणू दिलं.

आन् चोर कसा झाला? पलटण यायच्या आधीच निम्मा पत्रा गाडीत घालून पाटलाच्या घरी गेला व्हता. पलटणीनं इचारलं, पत्रा कुठं? पाटील म्हणला, निवृत्ती कापड पळवायला घुसला व्हता, पत्राबी आधी त्यानंच लांबवला. मेलेला माणूस न्हाई म्हणत न्हाई. पलटण गेली, उरलंसुरलं रानातच टाकून. मग समद्या गावानं इमान वाटून घेतलं आन् चोर एकटा निवृत्ती. आपल्या घरात त्या इमानाचा खिळाबी न्हाई. हुडकून बघ.

पुढल्या मंगळवारी नारळ फुटणार हाय. मी मंडपात जाणार. तू ये. नांदेडहून लातूरची येष्टी सुटती, रेणापूरला उतर, पुढं बैलगाडी मिळती. विलायतेतला माणूस चाळीस सालानंतर आपला माणूस हुडकून राहिला. तू नांदेडात हायस.

सूनबाईला सांग, लोणचं पाठवणार व्हते, पण कैऱ्याच धरल्या न्हाईत.

तुझी आई
धुरपताबाई

—

मु. माळेवाडी
तारीख ११ मे १९८३

चिरंजीव साहेबरावास आईचा जयभीम.

तू आला न्हाईस. ठीक हाय. काय झालं ते ऐक.

मंडप घातला व्हता, चार बांबू आन् एक ताडपत्री. पुढाऱ्याची जीप यायची व्हती. बायका खडीवरून तशाच आल्या, पाट्या घेऊन. व्यंकटीनं दगड उभा केला व्हता, वर फडकं टाकून. ईश्वरप्पा धोतर सावरत इकडून तिकडं. मला बघितलं आन् म्हणला, "माय, आज शुभ दिवस हाय."

म्हणले, हाव, म्हणून तर आले.

मी मधी जाऊन उभी राहिले. भाषण मला येत न्हाई. म्हणले, "नारळ फोडायच्या आधी एक काम करा. ज्याच्या ज्याच्या घरात इमानाचा तुकडा हाय त्यानं हितं आणून ठेवा. मला नको, परत घेऊन जा. फकस्त बघायचंय, चोर किती हाईत."

ईश्वरप्पा म्हणला, "तमाशा करू नको धुरपतामाय, पाव्हणे येतील."

"पाव्हणे येईस्तवर होतंय."

कुणी हललं न्हाई. माणसं पायाच्या अंगठ्याकडं बघू लागली. मी तशीच उभी. मनात म्हणले, आज हितंच उभं राहून वाळले तरी हरकत न्हाई, कडूलिंब वाळलं तशी.

तर उठली कोण, पारूबाई. जी मला मेलेल्याचं नाव पाजतीस का म्हणली व्हती ती. तरातरा घरी गेली आन् म्हशीची आंबोणाची पाटी आणून माझ्या पायापाशी आपटली. म्हणली, "ही घे. माझ्या सासऱ्यानं आणली व्हती. ह्याच्यात माझ्या म्हशी जेवल्या."

मागून एकजण म्हणला, "मग म्हशीबी चोर."

बायका हसल्या. हसल्या आन् सुटल्या. मलप्पा हाटेलवाला भजी वाढायचं ताट घेऊन आला, आतली भजी खात खात. कुणी उलथणं आणलं, कुणी न्हाणीवर झाकायचा पत्रा. पाटलाची सून आली, डोक्यावरून पदर घेऊन. तिच्या हातात धान्याचं मोठं झाकण. ठेवलं आन् गेली. मी ते झाकण नीट ढिगावर सारलं. तिनं काय केलंय?

मग शेषेराव गुरुजी उठले. कुणाकडं न बघता शाळेकडं गेले. येताना खांद्यावर घंटा. तुला आठवती का घंटा? इमानाच्या पंख्याचं पातं हाय ते, मोडलेलं. तू हिच्या ठोक्यावर शाळेत गेलास. तुला इमानचोराचा म्हणणारी पोरंबी हिच्याच ठोक्यावर सुटायची. गुरुजींनी ती ढिगावर ठेवली आन् धोतरानं चष्मा पुसत राहिले. मी म्हणले, गुरुजी, चष्मा स्वच्छ हाय.

शेवटी समदे ईश्वरप्पाकडं बघू लागले. कारण समद्यांनाच ठाऊक. त्याच्या दुकानातल्या तागडीची दोन्ही पारडी इमानाच्या पत्र्याची हाईत. गाव त्याच्यावर साखर मोजून घेतं.

तो म्हणला, "आमच्या अप्पांनी ती इकत घेतली व्हती."

म्हणले, "कुणाकडून? इमानाकडून?"

तेव्हा तो बी हसला. वाईट माणूस न्हाई, दुकानदार हाय. घरी निरोप धाडला, तागडीच आली. ढिगावर ठेवली आन् म्हणला, "व्यंकटी, छिन्नी काढ बाबा. म्हातारी आपल्याला नारळ फोडू देत न्हाई."

व्यंकटीनं फडकं काढलं. काय कोरू म्हणला. गुरुजी म्हणले, 'वीर' तरी राहू द्या. मी म्हणले, राहू द्यायचं न्हाई, 'रणांगणी' बी काढा, तिथं जागा लागती. व्यंकटी जुनं घासत घासत नवं कोरत बसला, आम्ही उन्हात उभे. कुणी घरी गेलं न्हाई. आता दगड असा हाय:

'इमानाचा तलाव. हितं शिकाऊ इमान पडलं. पोरं मेली. त्यांना काढायला गेलेले निवृत्ती बनसोडे मेले.'

पुढारी उशिरा आले. दगड वाचला. गुरुजींना हळू म्हणले, "शुद्धलेखन तपासलं नाही वाटतं."

गुरुजी म्हणले, "तपासलं साहेब. गावात असंच आहे."

पुढारी गेले की मी गुरुजींना पहिल्यांदा घरी चहाला बोलावलं. आले. प्याले. दूध नव्हतं, शेळीचं घातलं.

तुकडे आपापले परत घरी गेले. पारूबाईची म्हैस पाटीबिगर खात न्हाई. शाळेला सुट्टी हाय, तरी घंटा आज वाजली. टँकरपाशी माझी घागर व्हती तिथंच राहिली. मीच मागं नेली, पारूबाईची पुढं करून. तिनं परत माझी पुढं केली. त्यात टँकरवाला वरडला, "म्हाताऱ्याहो, पाणी घेता का खेळता?"

मी दस्तखत केली. आंगठा न्हाई, दस्तखत, पुरी. माझ्या शेजारी तुझी जागा कोरी हाय. ओव्हरसियर कागद घेऊन थांबलाय, तुझ्याबिगर कुदळ मारता येत न्हाई म्हणतो. बायका पाट्या घेऊन बांधावर बसल्यात. तेव्हा नीट ऐक. आता पाणी मी अडवून बसले न्हाई. तू बसलायस.

कागद टपालानं पाठवू का म्हणून ओव्हरसियरनं इचारलं. म्या न्हाई म्हणले. हितं येऊन कर, दगडापुढं उभं राहून. गुरुजी म्हणले तू हापिसात एस. एन. बनसोडे लिवतोस. हितं ते चालणार न्हाई. साहेबराव, मग निवृत्ती, मग बनसोडे. मधलं नाव काना-मात्रा-वेलांटीसकट. दोन अक्षरं जोडून येतात, अवघड हाय, पण मी ह्या वयात शिकले तर तुला जमंल.

पाकिटावरबी तसंच पुरं लिवलंय. हापिसातला शिपाई मोठ्यानं वाचून दाखवंल. वाचू दे. कुणी इचारलं तर सांग, माझा बाप इमानात गेला.

विलायतेचा माणूस आला तर त्याला मी सांगणार हाय की त्याचं पोरगं कुणाच्या डेऱ्यातलं पाणी प्यालं. त्याला कळंल न कळंल. त्याच्या आधी तू यावंस असं वाटतं. ह्याच्या पुढं मी विनवणार न्हाई, मला ते जमत न्हाई.

हाक मारलीय. तुझ्या बापाला परक्या भाषेतली कळली व्हती. ही तर आपल्या बोलीतली हाय.

इमानचोराची बायको, तुझी आई,
धुरपताबाई निवृत्ती बनसोडे